जगायला गेलेली

पोशेऱ्याच्या नाक्यावर जीप भरत होती. दिवाळी नुकतीच सरलेली, त्यामुळे टपावर भिवंडीकडे निघालेल्यांची गाठोडी, टोपल्या, पातेली. आणि त्यांच्यात माझी चाकांची नवी कोरी बॅग. बाबा ती दोरीने पुन्हा पुन्हा आवळत होते. आत बसलेल्या एका बाईने विचारलं, "पोर कठं चालली?"

आई म्हणाली, "जगाया चालली. लांब, मस्कतला."

मला असा राग आला! आमच्याकडे भाताची कापणी-झोडणी आटोपली की माणसं वीटभट्टीवर, बांधकामावर जातात, त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. मी नर्सिंग शिकलेली, विमानाने जाणारी. आणि आईने मला खुशाल वीटभट्टीच्या रांगेत नेऊन बसवलं. त्या बाईने मात्र सरकून जागा करून दिली. "होळीला येशील ना, बाय?"

होळीला कधीच येता आलं नाही. सुट्टी मिळायची ती भलत्याच महिन्यात.

हे वाचणाऱ्यांतले जे दुबईत, दोह्यात आहेत त्यांना हे सांगायला नको. गावी मागे राहिलेल्यांसाठी सांगते. मस्कतने मला वाईट वागवलं नाही. डायलिसिसच्या वॉर्डात मी रमले. म्हातारे पेशंट माझ्याच हातून सुई टोचून घ्यायला हटून बसायचे, तेव्हा फार बरं वाटायचं. पण ड्युटी संपली की पुढे काय करायचं ते सुचायचं नाही. फ्लॅटवर यायचं, एसी लावायचा, उभ्या उभ्या काहीतरी खायचं आणि झोपायचं. नोकरी छान चालली होती, मीच कोमेजत चालले होते.

यंदा कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायची वेळ आली आणि सही करायला हात धजेना. सोडून यावं तर धास्ती वेगळीच. गावातून विमानात बसलेली पहिली पोरगी परत आली, लोक काय म्हणतील? शेवटी आईला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगून टाकलं. ती नागली पाखडत होती. हातातलं सूप थांबलं.

"जगाया गेलतीस ना तू? मंग तठं जगतीस का निस्ती राबतीस?"

मला रडूच फुटलं. ज्या शब्दाची मला इतकी वर्षं लाज वाटली, त्याच शब्दाने ती माझी चौकशी करत होती.

"नाय जगवत त ये," ती म्हणाली. "आपली मान्सां होळीला येतातच ना."

खरंच की! लहानपणापासून बघत आलेय. होळीच्या तोंडावर जिपा येतात, माणसं उतरतात, आणि का आलात असं कोणी कोणाला विचारत नाही. पुढच्या दिवाळीनंतर मीही पुन्हा निघेन कदाचित, नाशिकच्या नाहीतर आणखी कुठल्या हॉस्पिटलात.

नोकरी सोडतेय म्हटल्यावर इन्चार्ज मॅडमनी कारण विचारलं. पगार कमी पडतो? कोणी काही बोललं? मी म्हटलं, होळी आहे. त्यांना वाटलं, मला चार दिवसांची सुट्टी हवीय.

नाक्यावर उतरले तेव्हा टपावरून माझी बॅग आणि भिवंडीवाल्यांची पातेली एकदमच खाली आली. आई उभीच होती. मी मनात उत्तरांची जुळवाजुळव करत आले होते. त्यातलं एकही द्यावं लागलं नाही. का आलीस ते जिथे सांगावं लागत नाही, घर म्हणजे मला आता तेवढंच वाटतं.

"आलीस?"

"आले."

"चल मंग. भाकर निवती."