लॉक वाढवा

"तुमी म्हणलात वाढवा, म्हणून वाढवलं!"

"वाढवा म्हंजी तोडा, इमामभाई!"

"वाढवा म्हंजी तोडा? कुठल्या शाळंत?"

"कुठल्या बी घरात! नारळ वाढवत्यात. बांगडी वाढवत्यात. घरी गेल्यावर तुमच्या रोशनबीला इचारा."

"नारळाचं म्हायती हाय मला. पर लॉक, वैनी? लॉक वाढवा म्हणलं तर माणूस दुसरं लॉक बसवंल, न्हाय तर काय लॉकाला पाणी घालंल?"

जयवंतानं कपाळाला हात लावला आणि पुन्हा एकदा गाडीत वाकून पाहिलं. फियाटच्या डॅशबोर्डात आता दोन लॉक होती. वरचं जुनं, गंजलेल्या कड्याचं. त्याची चावी जगात कुठंच नव्हती. खाली चार बोटांवर दुसरं, काळं, ट्रॅक्टरचं, कोरं करकरीत. त्यात चावी लोंबत होती, पण करंट आधी वरच्यातून यायचा, म्हणून ती फिरवून उपयोग नव्हता. इमामभाईंनी काम स्वच्छ केलं होतं, वाद नाही.

"चावी नसलेली गाडी चोरणार कोण?" तिनं विचारलं.

"मी बी त्येच म्हणलं. म्हणलं, वैनी लई लांबचा इचार करत्यात."

चूक कुणाची हे कळंब गावात शेवटपर्यंत ठरलं नाही. पण मूळ जयवंताच्या जिभेत होतं. अभद्र शब्द त्या जिभेवर चढतच नसे. घरातून निघताना ती 'जाते' म्हणायची नाही, 'येते' म्हणायची. दिवा शांत व्हायचा, दुकान वाढवलं जायचं. ट्रॅक्टरचं टायर पंक्चर झालं तर 'टायर जरा बसलंय' एवढंच. सत्तावन्नाव्या वर्षी ती बारामतीला ड्रायव्हिंग शिकायला गेली. तिथल्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, घाटात ब्रेक फेल झाला तर काय कराल?" ती म्हणाली, "आधी असं बोलायचं बंद करीन." मास्तरांनी तिला पुढचा प्रश्न विचारलाच नाही.

गाडी मल्हाररावांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. कारखान्यातल्या एका रिटायर ओव्हरसियरकडून त्यांनी ती घेतली तेव्हाच ती म्हातारी होती. ट्रॅक्टर जयवंतानं चालवलेला त्यांना चालायचा. नांगरट, फण, दोडक्याच्या क्रेटा बांधावर आणणं, सगळं तिच्याकडं. फियाटची चावी मात्र त्यांच्या कुडत्याच्या खिशात. "बाईमाणसानं चावी धरली की गाडी रुसती," ते म्हणायचे. ती म्हणायची, "ट्रॅक्टर रुसत न्हाय व्हय?" ते म्हणायचे, "ट्रॅक्टरला मन नसतं."

सहा वर्षांपूर्वी मल्हारराव गेले. गडबडीत खिसे तपासायचं कुणाला सुचलं नाही, आणि ते चावीसकट गेले. तिसऱ्या दिवशी राख सावडताना ती सापडली, वाकडी, काळी. "आबांची हाय, आबांबरोबर जाऊ द्या," म्हणून लेकानं, इंद्रजितनं, ती अस्थींच्या मडक्यात टाकली आणि नरसिंगपूरच्या संगमावर मडकं पालथं केलं. मडकं तरंगत गेलं. चावी गेली नसावी.

तेव्हापासून गाडी शेडमध्ये उभी. आणि आता लोणी देवकरच्या बाजूला हायवेवर हॉटेल काढलेल्या एका शेठना ती हवी होती. हॉटेलपुढं दगडी चौथरा, त्यावर फियाट, खालून निळे लाइट. लोक फोटो काढणार. इंद्रजितला ते फार पटलं होतं.

"आबांच्या नावाची पाटी लावणार हायती, आई. मल्हाररावांची गाडी म्हणून."

"आणि इंजिन?"

"इंजिन काढत्यात. चौथऱ्यावर वजन नको."

जयवंता भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मला चालवायची हाय ती."

इंद्रजित हसला. आईला हसावं म्हणून नाही, त्याला खरंच हसू आलं. "चालू तर कर! चालू झाली तर तुझी. आपण कुणालाच देणार न्हाय."

बोलला आणि हात धुवून उठला. तिनं मात्र ते पदराच्या गाठीला बांधल्यासारखं धरलं. दुसऱ्याच दिवशी इंदापूरहून इमाम मुलाणींना बोलावलं. मल्हाररावांच्या हयातीत गाडीची वायरिंग त्यांच्याकडंच असायची. त्यांनी कार्बोरेटर धुतला, पंप साफ केला, टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं, इंजिन हातानं फिरवून पाहिलं. राहिलं लॉक. काल जयवंता बारामतीत लायसन घ्यायला गेली असताना त्यांचा फोन आला, "लॉकचं काय करू?" नवऱ्याच्या वस्तूला तोडा म्हणणं तिच्यानं होईना. ती म्हणाली, "वाढवा."

आणि आज शेठ गाडी न्यायला येणार होते.

"तुमी मला साधं तोडा म्हणायचं," इमामभाई आता पाय पसरून सीटवर आडवे होत म्हणाले. डोकं डॅशबोर्डाखाली, चपला दाराबाहेर. "एक शब्द. माझा अख्खा दिवस वाचला असता."

"त्यांच्या गाडीला तोडा म्हणू?"

"न्हाय तर काढा म्हणायचं."

"माझ्या बांगड्या वाढवल्या तवा तुमी अंगणातच हुता, इमामभाई. तवा कुणी इचारलं न्हाय, वाढवल्या म्हंजी काय."

डॅशबोर्डाखालून मग हात आला. "पक्कड द्या. आणि बॅटरीची एक तार सोडली का बघा, न्हाय तर माझंच वाढंल."

ती सोडलेलीच होती. ट्रॅक्टरची बॅटरी तिनंच उचलून आणून बसवली होती.

जुनं लॉक पुढून एका चकतीनं आवळलेलं होतं, आणि चकती गंजून पत्र्याशी एकजीव झाली होती. इमामभाई म्हणाले ड्रिल मारू, मोकळं होईल. जयवंता म्हणाली, भोक पाडायचं नाही. त्यांनी तेल सोडलं. दोघं बसून राहिले. तिनं चहा आणला. त्यांनी पुन्हा तेल सोडलं. तिनं जुन्या लुगड्याची चिंधी चकतीला गुंडाळली, म्हणजे ओरखडा यायला नको, आणि त्यावरून त्यांनी पक्कड लावली.

"हलतंय का?"

"ह्ये म्हंजी मल्हारराव हायती बगा. सांगून ऐकत न्हायत."

"थोडं गोडीनं घ्या."

"तुमी गोडीनं घेत हुता का?"

"कधीमधी."

चकतीनं कुरकुर केली आणि फिरली. मागून लॉक निसटून इमामभाईंच्या छातीवर पडलं. तारा सगळ्या उन्हाधुरानं एकाच रंगाच्या झालेल्या, म्हणून जयवंतानं शिवणाच्या पेटीतले दोरे आणले आणि ते सांगतील तशी एकेका तारेला गाठ मारली: करंटाची लाल, बाहेर जाणारी हिरवी. मग लॉक हातात घेऊन पाहिलं. चावीच्या फटीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. चावी असती तरी आत गेली नसती.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. शेठ टेम्पो घेऊन आले होते, आणि इंद्रजित त्यांच्या शेजारी बसून.

"आई, ह्ये काय? लॉक कुणी काढलं?"

"लाल आणि हिरवी एक करा, इमामभाई."

"थांबा, थांबा," इंद्रजित आत आला. शेठपुढं त्याचा आवाज जरा शहरी झाला होता. "तारा जोडून चोरसुद्धा चालू करतो. त्याला चालू नाही म्हणत. चावीनं चालू झाली तर चालू."

"आपल्याला चालू नकोच आहे," शेठ समजूत घालत म्हणाले. "आपल्याला उभी पाहिजे."

जयवंतानं लेकाकडं पाहिलं. "चावीनं?"

"चावीनं."

"मागनं बदलणार न्हाय?"

"न्हाय."

इमामभाईंनी लाल आणि हिरवीला पीळ दिला, वरून चिकटपट्टी मारली आणि बॅटरीची तार लावली. मग सीटवरून उतरून अंग झाडलं. "बसा, वैनी. करंट आता सरळ खालच्या लॉकात हाय."

जयवंता बसली. चपला बाहेर काढून बसली. खालच्या काळ्या लॉकातली चावी तिच्या ओळखीची होती. तसल्या चावीनं कळंबातले निम्मे ट्रॅक्टर चालू व्हायचे. तिनं चोक ओढला, ट्रॅक्टरला फिरवते तशीच ती फिरवली.

गाडी खोकली. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकली, आणि डिकीखालून धुराचा असा लोट निघाला की शेठ तोंडावर रुमाल धरून मागं सरले. तिसऱ्यांदा इंजिन लागलं. शेडचे पत्रे थडथडायला लागले.

इमामभाई बोनेटजवळ कान देऊन उभे राहिले. "एक प्लग आळशी हाय," ते ओरडले. "बाकी मंडळी कामावर आली."

शेठ इंद्रजितच्या कानाशी ओरडले, "मग काय ठरलं आपलं?"

जयवंतानं एक्सलेटरवरचा पाय जरा हलका केला. खिडकीची काच खाली होत नव्हती, म्हणून दार उघडून डोकं बाहेर काढलं.

"इंदर," ती म्हणाली, "ही चालू हाय का बंद?"

इंद्रजितनं गाडीकडं पाहिलं. थरथरणाऱ्या डॅशबोर्डाकडं, त्यातल्या रिकाम्या भोकाकडं आणि भोकाखाली हलणाऱ्या चावीकडं पाहिलं. मग वळला. शेडच्या दारात टेम्पो आडवा लावलेला होता. त्याच्या ड्रायव्हरला त्यानं हातानंच मागं घे म्हणून खूण केली आणि कुणाकडंही न बघता विहिरीच्या वाटेला लागला.