मंदीतली बढती

अमेरिकेत मंदी आली तेव्हा मी येरवड्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत चहापाणी बघत होतो. नववीत शाळा सुटलेली, यवतमाळकडे बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. सगळी भिस्त माझ्या नोकरीवर. त्यामुळे अमेरिकेची काळजी मला अमेरिकेपेक्षा जास्त.

कंपनीने माणसं कमी करायला घेतली, पण फार मायेने. एचआरच्या मॅडमनी मला बजावलं, "छोट्या मीटिंग रूममध्ये कुणाला बोलावलं, की आधी गार पाणी आणि टिश्यूचा डबा ठेवायचा. निरोप सन्मानाने द्यायचा."

मी मनापासून ठेवू लागलो. थोड्याच दिवसांत मजल्यावर सगळ्यांना त्याचा अर्थ कळला. मी ट्रे घेऊन निघालो, की कीबोर्ड थांबायचे. एक इंजिनिअर म्हणाला, "मामा, यमाकडून डेप्युटेशनवर आलात का?" पुढे लोक माझ्या हातचा साधा चहाही नको म्हणू लागले. दूध उरू लागलं. मॅडमनी तीही बचत धरली.

एका दुपारी त्या म्हणाल्या, "जेवणानंतर छोटी रूम." मी सवयीने पाणी ठेवलं, टिश्यू ठेवले आणि दाराशी उभा राहिलो. मॅडम येऊन बसल्या. आणखी कुणी येईना.

"बसा ना."

"मी?"

"मग कोण? तुम्हालाच बोलावलंय."

माझं पाणी मीच मांडलं होतं! खुर्चीच्या टोकावर बसलो. घरी फोनवर काय सांगायचं, ते मनात जुळवू लागलो.

पण मला काढायचं नव्हतं. यापुढे रिसेप्शनही मीच बघायचं होतं. चहा सांभाळून, आहे त्याच पगारात. "याला मल्टिस्किलिंग म्हणतात. कंपनीचा तुमच्यावर विश्वास आहे." मी इतके आभार मानले, की मॅडमच अवघडल्या. टिश्यू मात्र वाया गेले नाहीत.

रिसेप्शनच्या ताई नारायण पेठेतल्या. त्या सकाळी छोट्या रूममध्ये मी ठेवलेलं पाणी त्यांच्यासाठी होतं, हे मला तेव्हा कळलं. जाण्याआधी त्यांनी मला काम शिकवायचं, असं ठरलं होतं. त्यांनी मला आपल्या खुर्चीत बसवलं.

"ताई, मी काय म्हणू आता…"

"'गुड मॉर्निंग' म्हणा. आणि जरा टेकून बसा. टोकावर बसलेला माणूस फोनवरसुद्धा ऐकू येतो."

मी टेकलो. तेवढ्यात फोन वाजला. ताईंचा हात पुढे आला, रिसीव्हरपर्यंत पोचला, आणि त्यांनी तो मागे घेतला.

"उचला," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे काय बघताय?"