वळणावरच्या वहाणा

लोगो हा शब्द तेव्हा डिचोलीत कोणी वापरत नसे. चिन्ह म्हणत, आणि चिन्ह म्हटलं की लोकांना निवडणूकच आठवे. पाट्या रंगवायचं दुकान काढून मी स्वतःसाठी चिन्ह काढत बसलेय हे बघून पाव विकणाऱ्या पोदेरानं विचारलं, "कितें गो, पंचायतीक उबी रावता?" त्याचं बरं होतं. सायकलचा भोंगा वाजवला की सगळ्या वाड्याला कळे, कोण आलं ते. माझ्या ब्रशला कुठला भोंगा!

गोवा मुक्त झाल्यावर वडील वेंगुर्ल्याकडून खाणीच्या कामाला इकडे आले. आधी दुसऱ्याचा ट्रक चालवला, मग स्वतःचा एक जुना घेतला, आणि आम्ही डिचोलीजवळच्या सर्वण गावचे झालो. मी पणजीला चित्रकला शिकून आले ती डोक्यात वारं भरूनच. मामानं माझ्यासाठी खाणीच्या काट्यावर, म्हणजे भरलेले ट्रक वजन करतात तिथे, कारकुनाची जागा बघून ठेवली होती. वडिलांनी सरळ सांगितलं, "शिगम्यापर्यंत तुझा दुकान चालव. गिऱ्हाईक इला तर बरा. नाय तर गपचूप काट्यार जा."

मी बरं म्हटलं, पण आतून पेटलेच. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर लिहीत बसायचं? त्यापेक्षा गाड्यांवर नावं लिहीन की मी! शिगमो म्हणजे होळीचा सण, तो काही लांब नव्हता.

चिन्ह मात्र मी झकास केलं. काळ्या जमिनीवर वहाणांचा जोड आणि बाजूला एक भलामोठा ब्रश, उभा. हाक मारा, मी चालत येते, असा त्याचा अर्थ. खाली माझं नाव आणि 'पाट्या, गाड्यांवरची नावं' एवढंच, तेही केसासारख्या बारीक, नाजूक अक्षरांत. आमचे सर सांगायचे, अक्षरं झाकली तरी ओळखू येतं ते खरं चिन्ह. मला ते इतकं पटलं होतं की अक्षरांचे मी जवळजवळ लाडच केले नाहीत. डिचोलीच्या वाटेवर, वळणावर, वडाखाली एक गडगा, म्हणजे चिऱ्यांची बुटकी भिंत, होती. मालकाला विचारून मी एका दुपारी ती रंगवून टाकली. खाणीचे सगळे ट्रक तिथूनच जात.

मग वाट बघत बसले. कदेल, म्हणजे खुर्ची, दारात टाकायची, तिच्यावर बसायचं, रस्ता बघायचा. कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. शेवटी वैतागून गडगा बघायला गेले, तर काय! चित्रासमोर मेणबत्ती लावलेली, विड्यांचं एक बंडल, आणि दोन्ही वहाणांवर जास्वंदीचं एकेक फूल.

खनिजाची लाल धूळ बसून माझी नाजूक अक्षरं पार बुजली होती. उरल्या होत्या त्या वहाणा आणि ब्रश. आता आमच्या गावात कुठल्याही पोराला विचारा, वहाणा, काठी आणि काळी कांबळ कोणाची? राखणदाराची. हा देव गावाची शीव राखत फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला नव्या वाहतात. माझ्या ब्रशची काठी झाली होती आणि काळ्या जमिनीची कांबळ. आधी मी तिथेच खो खो हसले. मग शिगमो आठवला आणि रडूच आलं. सगळा गाव माझं काम बघत होता, आणि मी कोणालाच दिसत नव्हते.

रात्री जेवताना वडीलच म्हणाले, "वळणार राखणदारान खूण दाखवल्यान. मी रोज गाडी सावकाश करून हात जोडतंय."

"बाबा, ती माझी जाहिरात आहे!"

त्यांचा घास हातातच राहिला. आई आधी भानावर आली. "अगो बाय माझ्या! आता पुसू नको हां." वडिलांनीही मान हलवली. "पुसूचा नाय. थय दिवो लागलो." झालं! पुसायचंही नाही, आणि त्यावर आपलं नाव लिहायचं तर अंगात धाडस हवं. मी ताट तसंच ठेवून उठले.

सकाळी मात्र तडक गावकरांच्या दारात गेले. गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालणारा हा म्हातारा. सगळं ऐकून तो ठसका लागेस्तोवर हसला. म्हणाला, "नाल्ल घेवन यो. ताकाच विचारूया."

आम्ही नारळ घेऊन वळणावर उभे राहिलो. वडीलही आले होते, जरा लांब, ट्रकला टेकून. गाऱ्हाणं चाललेलं बघून येणारे ट्रक थांबत गेले, ड्रायव्हर उतरून हात जोडून उभे राहिले. म्हाताऱ्याचा आवाज काय, खणखणीत!

"बा म्हाराजा! हें आमचें चेडूं. पाट्यो रंगयता, गाड्यांचेर नांवां बरयता. चुकून तुज्यो व्हाणो रंगयल्यो. ताका पदरांत घे. ताच्या हाताक येस दी, आनी खंयच्याय गिरायकाक ताचें दार चुकूं दिवूं नाका रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे एका आवाजात म्हणाले.

इतके दिवस जे धुळीखाली गेलं होतं ते म्हाताऱ्यानं भर रस्त्यात, सगळ्या ड्रायव्हरांच्या कानांत घातलं होतं. तरी माझी जीभ गप्प बसेना. "पण आजोबा, ती काठी नाही, ब्रश आहे."

"आसूं दी," म्हातारा म्हणाला. "आयज ताच्या हातांत ब्रश." सगळे हसले.

दुपारी मी पुन्हा तिथे गेले. वहाणांना हात लावला नाही. त्यांच्या खालची धूळ पुसली, सूत मारून रेघा आखल्या, आणि पिवळ्याजर्द रंगात नाव लिहिलं, एकेक अक्षर वीटभर उंच. नाजूकपणा गेला चुलीत! दुसऱ्या दिवशी एक ड्रायव्हर आला, त्याला केबिनवर लेकीचं नाव हवं होतं. मग मयेहून एक आला. मग दुकानाची पाटी आली. शिगमो तोंडावर असताना माझ्या हातांचा रंग निघत नव्हता, आणि मला तो निघायला नकोच होता. घरात काट्याचा विषय कोणी काढत नव्हतं. वडीलही नाही. त्यांच्या मनात काय आहे, ते काही कळेना.

शिगम्याच्या आदल्या दिवशी माझ्या दारात ट्रकचा भोंगा वाजला. वडील होते. गाडी धुऊन लख्ख केली होती, मागची फळी खरवडून कोरी.

"मामाक सांगलंय, काट्यार दुसरो कोण तरी बघ," ते म्हणाले. "हेच्यार तुझा नाव घाल."

"माझं? गाडीवर देवाचं घालतात, बाबा."

"देवाचा फुडे आसा. मागे तुझा होया." मग केबिनमधून उतरून स्वतःच फळीवर हात पसरून त्यांनी मला माप दाखवलं. "आणि मोठा घाल गो. धुळीत दिसाक होया."