टोपी कोणाची?

काकी गेल्याचं कळलं तेव्हा मी दादरला एका घरी पोळ्या लाटत होते. फोनवर काका एवढंच म्हणाले, "पोरी, ये गो..." हाताला पीठ तसंच, मी डिलाईल रोडला धावले. महिना उलटला आता. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, लिहिताना चुकेन अशी धास्ती वाटते. पण काकींचं देणं मनात ठेवून गप्प बसवत नाही.

मी हिंगोलीकडची. या शहरात माझं कोणी नव्हतं. ना नात्याच्या ना गावच्या, तरी काकींनी चाळीतल्या आपल्या खोलीचा पोटमाळा मला दिला. पहिल्याच रविवारी दुपारी बघते तर अंधार व्हावा म्हणून खिडकीला चादर लावलेली, आणि भिंतीवर एक गोरा नवरा बायकोवर हातवारे करत खेकसतोय! जुना मुका सिनेमा. गिरणीत असताना काकांनी चोरबाजारातून मशीन आणि ही एकच रीळ आणली होती. नवरा घरी येतो, खुंटीवर टोपी दिसते आणि त्याचं डोकं फिरतं. पलंगाखाली, कपाटात, पिंपात, सगळीकडे तो परका पुरुष शोधत सुटतो.

नवऱ्याचा आवाज काकांचा. "कोणाची गो ही टोपी?"

बायकोचा काकींचा, भाजी निवडता निवडता. "दूधवाल्याची."

"खरा सांग!"

"तुमच्या मुकादमाची. तुमच्यापेक्षा बरो दिसता तो."

मुकादमाचं नाव निघालं की काका खरोखरच फुगायचे. आणि मी हसता हसता घरची आठवण विसरायचे... रीळ शेवटाआधीच तुटलेली, त्यामुळे टोपी कोणाची ते सिनेमात कधी कळलंच नाही. भिंत पांढरी झाली की काकी हळूच म्हणायच्या, "तुमचीच ती. सकाळी इसरून गेलात." मग काका चहा मागायचे.

परवाच्या रविवारी काकांनी पुन्हा चादर लावली. "कोणाची गो ही टोपी?" म्हणाले, आणि थांबले. भिंतीवरची बाई नुसतीच ओठ हलवत राहिली. काकांनी काकींच्या उत्तराला लागायचा तेवढा वेळ जाऊ दिला, मग म्हणाले, "खरा सांग!" शेवटी भिंत पांढरी झाली. ते माझ्याकडे बघत होते. शब्द माझ्या ओठांवर होता, पण तो माझा नव्हता...

"काका, काकी म्हणायच्या ना..."

"म्हायत आसा गो. पण तिनाच सांगूक होया."

काकांची रोजची टोपी खुंटीवरच आहे. हल्ली ते उघड्या डोक्याने बाहेर पडतात. मी हाक मारायला दारापर्यंत जाते आणि थांबते. वाटतं, ते मुद्दाम विसरत असावेत.