गीताबाईंची हार्डडिस्क

निमोण्यात हौसरावांइतका अबोल माणूस शोधून सापडायचा नाही. कारखान्यात तीस वर्षं पाळ्या केल्या; घरी आले की जेवायचे आणि आडवे व्हायचे. बायको गीताबाई अंगणवाडी सेविका. त्यांना इंग्रजी जमत नव्हतं, म्हणून घरचा कॉम्प्युटर अख्खा मराठीत करून घेतलेला. दुपारी त्या काहीतरी टाइप करायच्या, दर मंगळवारी हार्डडिस्कवर बॅकअप घ्यायच्या. काय लिहितेस, असं हौसरावांनी एकदाही विचारलं नाही. मला त्यांचा राग येतो तो ह्याचाच.

गीताबाई गेल्या. वर्षाच्या आत कॉम्प्युटरही बंद पडला. रिकाम्या घरात बसून मग ह्या माणसाला ध्यास लागला, तिनं काय लिहिलंय ते वाचायचंच. डिस्क रुमालात गुंडाळून त्यांनी शिरूर गाठलं.

दुकानातल्या वैष्णवीनं रिकव्हरीचं सॉफ्टवेअर तीनदा चालवलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, सिस्टीम ओळखता येत नाही.

"आबा, ह्याला इंग्रजी कॉम्प्युटरच कळतोय. मराठी दिसलं की पुढं सरकत न्हाई."

"मंग दौंडला हुईल का?"

"कुठंबी न्या. बॅकअप ह्याच सॉफ्टवेअरमधी घेतलाय, उघडणार बी ह्यातच. घेताना अडत न्हाई, उघडताना अडतंय."

बाजारपेठेतल्या झाडून सगळ्या पाट्या मराठीत, आणि ह्या दीडशहाण्या सॉफ्टवेअरला मराठीचं वावडं! हौसराव तरीही दौंडला जाऊन आले. तिथंही तेच. येताना डिस्क पुन्हा वैष्णवीकडंच ठेवली.

आठवड्यानं वैष्णवीचा फोन आला. आतला मजकूर काही उघडला नव्हता, पण फायलींच्या नावांची यादी तेवढी निघाली होती. हौसराव शिरूरला गेले तेव्हा तिनं ती छापून हातात दिली.

उखाणा सोडला तर सदतीस वर्षांत गीताबाईंनी नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. इथं ते ओळीओळीला होतं. 'हौसराव खोकला'. 'हौसराव नवी चप्पल'. 'हौसराव आज हसले'. आणि वेगवेगळ्या तारखा घालून अकरा वेळा, 'हौसराव बोलले नाहीत'.

"आबा, पाणी देऊ का?" वैष्णवीनं विचारलं.

त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि कागद खिशात घातला. एसटीत तो चारदा काढून वाचला. घरी आल्यावर कुलूप काढलं आणि उंबऱ्यातच थांबले.

"आलो गं मी," ते मोठ्यानं म्हणाले.