काकांच्या नाचाची डिस्क

हे मी कुणालाच सांगितलेलं नाय. बायकोला माझे बाकीचे सगळे गाढवपणे माहीत आहेत, हा नाय. तुला सांगतो. हसू आलं तर हस, मला सवय आहे.

आशागडला घरोघरी डिशच्या छत्र्या बसवायचो मी. शाळेचं तोंड बघितलं नाय, पण छपरावर चढून छत्री फिरवली की टीव्ही लागायचा. म्हणून लोक मला इंजिनिअर बोलायचे. मलाही ते खरं वाटायला लागलं — तिथेच सगळं बिघडलं.

शेजारच्या रंजनकाकीच्या मुलीचं लग्न झालं आणि थोड्याच महिन्यांत काका गेले. एरवी मुका माणूस, पण लेकीच्या हळदीत बँडपुढे नाचला होता. काकी तेव्हा आत कामात, तिने बघितलंच नाय. काका गेल्यावर तलासरीच्या शूटिंगवाल्याने त्या हळदीची डिस्क आणून दिली. टीव्ही मोठा होता, डिस्क लावायला मशीन नव्हतं. मग मशीन कोण निवडणार? मीच की.

काकीला घेऊन वापीला गेलो, जुन्या मालाच्या दुकानात. दुकानदाराने दोन मशीनं पुढे ठेवली. एक ब्लू-रे, एक एचडी डीव्हीडी. बोलला, "पिक्चर दोन्हीत साफ. पण ह्याची डिस्क त्याच्यात चालत नाय. तुमची कुठली?"

शूटिंगवाल्याला एक फोन केला असता तर कळलं असतं. पण काकी बाजूला उभी — तिच्यासमोर विचारायचं, मग मी कसला इंजिनिअर? मी दोन्ही मशीनं उचलून बघितली आणि जड होतं ते घेतलं. कलिंगड घेतल्यासारखं.

घरी डिस्क लागेना. पिक्चरची साधी डीव्हीडी टाकली, ती लगेच लागली. मी मागच्या अंगणात जाऊन शूटिंगवाल्याला गुपचूप फोन लावला. तो बोलला, "दादा, ती ब्लू-रे आहे, दुसरं मशीन लागेल. आणि जपा तिला, माझ्याकडे कॉपी नाय."

आत जाऊन एवढंच सांगायचं होतं ना? किती कठीण होतं ते? मी आत गेलो आणि बोललो, "काकी, डिस्क कोरी आहे. त्या येड्याने काय भरलंच नाय."

तिने डिस्क मशीनमधून काढून पदराने पुसली. मग बोलली, "आता हिचं काय करू रे मधू?"

आमच्याकडे पाखरं पळवायला जुन्या सीडी झाडाला टांगतात. मी बोललो, "चिकूला टांग. पाखरं तरी बघतील."

ती हसली. आणि टांगली.

मी रोज त्या चिकूच्या बाजूच्या बांधावरून जायचो. उतरवायला हात पुरत होता — पण उतरवून सांगणार काय? पावसाळ्यात तिची चकाकी गेली, मग काळे डाग पडले. आता चालणार नाय हे दिसलं, तेव्हा — खरं सांगू? — मला हलकं वाटलं.

काकी अजून कधीतरी हाक मारते. "मधू, तू होतास ना हळदीत? कसे नाचले रे ते? दाखव ना." मग मी अंगणात नाचून दाखवतो. कंबर हलवतो, डोळे फिरवतो, तिच्या सुना पोट धरून हसतात. काकी हसत नाय. नीट बघते. परवा विचारलं, "हात कुठला वर होता, उजवा की डावा?"

मी बोललो, उजवा.

मी तेव्हा जेवणाच्या पंगतीत होतो. मी काकांना नाचताना बघितलंच नाय.