सुनेच्या फाइलीतली एक ओळ

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मी अडतीस वर्षं पॅटर्न केले. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना. त्याचा ठसा वाळूत घ्यायचा आणि त्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. नमुना चुकला की त्यावर ओतलेला नगन् नग भंगारात. म्हणून आमच्या खात्यात एकच कायदा होता, ड्रॉइंगात असेल तेवढं करायचं, आपलं डोकं मधे घालायचं नाही. एकानं एका कोपऱ्याची गोलाई ‘बरी दिसती’ म्हणून जरा वाढवली होती. दुसऱ्या दिवशी त्याला मी खात्यात घेतला नाही. मालकानं दोनदा सांगूनही घेतला नाही. अशा माझ्याच हातून पंचाहत्तरी उलटल्यावर जे झालं ते लिहायला बसलोय.

माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी मला येत नाही. पण इंग्रजी अक्षरं मी जेवढी घडवली तेवढी बेळगावात फार थोड्यांनी घडवली असतील. नगावर कंपनीचं नाव आणि नंबर उठून दिसावा म्हणून ती अक्षरं लाकडात करून पॅटर्नवर बसवावी लागत. अर्थ ठाऊक नसायचा. तरी एक अक्षर कधी इकडचं तिकडं झालं नाही. हे मी फुशारकीनं सांगतोय, कारण ते खरं आहे.

आम्ही अनगोळला राहतो. मुलगा खानापूरला मास्तर आहे, सकाळच्या बसनं जातो तो दिवस मावळताना येतो. दिवसभर घरात मी, माझी बायको आणि सून. सून कॉम्प्युटरचं शिकलेली. माझी बायको अंथरुणाला खिळली तेव्हा सुनेनं काम सोडलं, ते पाच वर्षं सुटलं. बायको उठून हिंडू लागली, पण सुनेला कुणी घेईना. मधे एवढा खंड कसा पडला म्हणून जो तो विचारी. शेवटी बेंगळूरच्या एका कंपनीनं घेतलं, तीन महिने काम बघू आणि मग ठरवू, अशा बोलीवर. घरात बसूनच करायचं. आणि तिसऱ्याच आठवड्यात ती मोरीत घसरली. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर.

गुरुवारी दुपारी बाराला बेंगळूरच्या साहेबांसमोर काम चालवून दाखवायचं होतं. मंगळवारी सकाळी ती डाव्या हातानं एकेक बटण शोधत बसली होती. चुकत होती, पुसत होती, पुन्हा चुकत होती. माझ्यानं बघवलं नाही.

“सर बाजूला. तू सांग, मी लिहितो,” मी म्हणालो.

“मामा, यात एक टिंब चुकलं तरी चालत नाही हं.” आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात.

“टिंब शिकवतीस मला? अगं, तुझा जन्म झाला नव्हता तेव्हा मी...”

“झालं,” आतून बायको म्हणाली. “आता अडतीस वर्षं ऐकत बस. जेवायला हाक मारीन.”

सुनेनं तिच्या मोबाईलवर कंपनीनं पाठवलेला कागद उघडला आणि मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. म्हणाली, ही सेटिंगची फाइल आहे, हिचं नाव टिंबापासून सुरू होतं, म्हणून ती फाइलींच्या यादीत सहज दिसत नाही.

“लपवून ठेवायसारखं काय हाय त्यात?”

“लपवलेली न्हाई हो. आपला लाईटचा मीटर कसा दाराआड असतोय? रोज कोण बघतंय त्याच्याकडं? तसंच.”

मग मी विचारलं की ही फाइल कशाची, आणि तिनं जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत मागं टेकलो. माझी समजूत अशी होती की सून दिवसभर खिडकीपाशी बसून जे करते ते सगळं तिच्या डोक्यातून निघतं. तसं नव्हतं. ती थोडं लिहिते. बाकीचं दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं असतं, तयार तुकडे. ते मागवायचे आणि आपल्या कामात बसवायचे. हे आणायचं आणि बसवायचं काम कॉम्प्युटरमधलाच एक प्रोग्राम करतो, त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. कुठनं आणायचं, कुठला नग आणायचा, आल्यावर त्याचं काय करायचं, हे त्याला या फाइलीतनं सांगायचं.

“कुणी लिहिलेले तुकडे?”

“जगातल्या कुणीपण.”

“तुझ्या वळखीचे?”

“एकपण न्हाई.”

“असे किती लागतात तुला?”

“मी सात सांगितलेत. त्या सातांना त्यांचे त्यांचे लागतात, परत त्यांना आणखी कुणाचे. गेल्या वेळी सहाशेच्या वर आले.”

सात पाव्हण्यांना बोलवावं आणि दारात सहाशे पानं मांडायला लागावीत, असं झालं हे, मी म्हणालो. ती हसली. म्हणाली, तसंच आहे मामा, फक्त जेवायला नाही येत, कामाला येतात. बँक, दवाखाना, रेल्वेचं तिकीट, सगळीकडं हेच चालतं का, मी विचारलं. हो म्हणाली. माझी पेन्शन ज्यात येते तेसुद्धा? तेसुद्धा असेल, म्हणाली. मी पाणी मागितलं.

मग लिहायला घेतलं. पहिली ओळ, तुकडे कुठनं आणायचे त्याचा पत्ता. लांबलचक, काना ना मात्रा, मधे तिरप्या रेघा. तिनं एकेक अक्षर सांगितलं, मी एकेक दाबलं. शेवटी तिनं ताडून पाहिलं.

“मामा, एकपण चूक नाही. आमच्यातली पोरं या ओळीत तीनदा चुकतात. आता मी ताडत बसत नाही. तुम्ही लिहिलंय म्हणजे झालं.”

आत बायकोला ऐकू गेलं की नाही याचा मी अंदाज घेतला.

दुसरी ओळ मला आवडली. जो नग एकदा ठरला तोच आणायचा, पुढं नवा निघाला म्हणून त्याच्या जागी परस्पर नवा घ्यायचा नाही. ही कुणा शहाण्या माणसानं काढली असणार, मी म्हणालो.

तिसऱ्या ओळीला घोळ झाला. आलेल्या तुकड्यांना त्यांचं त्यांचं काम करण्यापासून रोखायचं का, ती ही ओळ. ‘ट्रू’, म्हणजे हो, लिहिलं तर ते आणून ठेवलेल्या जागी गप पडून राहतात. ‘फॉल्स’, म्हणजे नको, लिहिलं तर येताक्षणी त्यांचं त्यांचं काही काम असेल ते तिथंच करून घेतात. आपल्याला फॉल्स पाहिजे, सून म्हणाली.

“काम करत्यात म्हंजे? कुणाच्या सांगण्यावरनं?”

“त्यांच्यातच लिहिलेलं असतंय.”

“ते तू वाचतीस का आधी?”

“सहाशे तुकडे कोण वाचणार, मामा?”

आमच्या भट्टीत एकदा भंगारातनं एक पाइप आला होता. हातभर लांब, दोन्ही तोंडं चेपून बंद केलेला. आत पाणी साचलेलं, ते बाहेरनं कुणाला दिसणार? गेटावर वजन झालं, मालात पडला, मालाबरोबर भट्टीत गेला आणि आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटला. मी शेजारच्या शेडमध्ये होतो. आवाजानं माझ्या हातातली पटाशी पडली. धावत गेलो तर भट्टीवरचा माणूस तोंडावर दोन्ही हात धरून बसलेला. त्याचा एक डोळा गेला. त्या दिवसापासनं आमच्याकडं बंद तोंडाची वस्तू कापून बघितल्याशिवाय आत जात नसे.

हे मी सुनेला सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. ती मोबाईलकडं बघत एकेक अक्षर सांगत होती, एफ, ए, एल, एस, ई. आणि माझ्या बोटानं टी, आर, यू, ई दाबलं. चुकून नाही. मला कळत होतं मी काय करतोय. माझ्या मनानं घेतलं की या पोरीला धोका कळत नाही, तो मला कळतो, विषय संपला.

“लिहिलं?”

“लिहिलं.”

मग तिनं सांगितली ती आज्ञा दाबली आणि काळ्या पडद्यावर ओळी धावू लागल्या. सहाशे अनोळखी माणसांचा माल माझ्या घरात आला आणि दाराची कडीसुद्धा वाजली नाही.

बुधवारी तिचं काम अडलं. तिच्या कामात फोटो होते, त्यांच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसत होते. फोटो लहान करणारा एक तुकडा होता. तो आल्या आल्या आपली जोडणी आपण करून घेतो म्हणे. माझ्या ओळीमुळं तो तसाच पडून राहिला होता. हे मला नंतर कळलं, पण माझ्या ओळीचा संशय मला तेव्हाच आला होता.

तिनं सगळं उपसलं. तुकडे काढून टाकले, परत आणले. जेवली नाही. तीनच्या सुमारास तिनं विचारलं, “मामा, तिसरी ओळ फॉल्सच आहे ना?”

“व्हय,” मी म्हणालो.

“तुम्ही म्हणताय म्हणजे आहे. मग माझंच काहीतरी चुकतंय.”

ती फाइल उघडून बघायला तिला दोन बोटं लागली असती. उघडली नाही. माझ्या अक्षरावर तिचा एवढा भरवसा होता. मी चपला घालून अनगोळच्या नाक्यापर्यंत जाऊन आलो. स्वतःला सांगत होतो, धोका टळला हे बघ, ती दुसरी वाट काढील. बायकोनं मला दारात बघितलं आणि म्हणाली, “कुणाचं काय मोडून आलाय?” मी चपला काढून सरळ आत गेलो.

गुरुवारी सकाळी अकराला सून आतल्या खोलीत तिच्या आईशी फोनवर बोलत होती. दार लोटलेलं होतं. “मला न्हाई जमत गं आई आता. पाच वर्षांत सगळं विसरले मी. साधं सेटिंग लागंना. आज साहेबांना सांगते, दुसऱ्या कुणाला घ्या.”

मी बाहेर उभा राहून ऐकत होतो. आवाज चढवून बोलणारी सून मला चालली असती. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ती स्वतःच्या डोक्यावर ठपका ठेवत होती आणि तिचं डोकं अगदी जागेवर होतं. एवढ्यासाठी मी एका माणसाला खात्याबाहेर काढला होता. त्यानं निदान विचारल्यावर कबूल तरी केलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा मी म्हणालो, “ती फाइल उघड. तिसरी ओळ बघ.”

तिनं डाव्या हातानं उघडली. बघितली.

“हे कसं झालं?”

“मी केलं. जाणून.”

“मी तुम्हाला काल विचारलं होतं.”

“व्हय.”

“मंगळवारी पण विचारलं. लिहिलं का म्हणून.”

“व्हय.”

मग मी तिला पाइपाचं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. तिचे डोळे भरले होते. “मग हे तेव्हाच सांगायचं होतं की. भांडायचं होतं माझ्याशी. दूधवाल्याशी भांडता, कंडक्टरशी भांडता, माझ्याशीच तेवढं गप बसायचं होतं? मला वाटलं माझं डोकं गेलं, मामा.”

बायको पदराला हात पुसत दारात उभी होती. ती एरवी मला सोडत नाही. त्या दिवशी तिनं नुसतं सुनेपुढं पाण्याचं भांडं ठेवलं, आणि तेच मला जास्त लागलं.

सुनेनं ओळ बदलली आणि तुकडे परत मागवले. ते येईपर्यंत बारा वाजले, काम चालवून बघायला वेळ उरला नाही. पडद्यावर साहेबांचं तोंड आलं. चाळिशीचा माणूस, चष्मा. ती कन्नडमध्ये सांगू लागली की काम अजून तयार नाही, सेटिंगमध्ये माझ्याकडून चूक झाली.

माझी चूक दुसऱ्यानं आपल्या अंगावर घेतलेली मला कधी सहन झाली नाही. आयुष्यभर ऑफिसात मराठीतनंच बोलेन म्हणून काउंटरवर अडून बसलेला माणूस मी. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, “सर, तप्पु नंदे.” चूक माझीच आहे. फाउंड्रीत शिकलेल्या तोडक्या कन्नडमध्ये सगळं सांगितलं, तिचा हात, माझं लिहिणं, खोटं बोलणं, पाइप. सून खाली बघत होती. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, आजोबा, या ओळीवरनं आमच्यातपण भांडणं होतात. तुमची भीती खोटी नाही. पण न सांगता बदललंत, ते वाईट केलंत. आणि सुनेला म्हणाले, कंपनीची फाइल कुणीही लिहिली तरी शेवटी तू स्वतः वाचायची, ती जबाबदारी तुझी. उद्या याच वेळेला दाखव.

म्हणजे शेवटी बोलणं तिलाही बसलं, माझ्यामुळं. शुक्रवारी फोटो दिसले. साहेब ‘ओके’ म्हणाले, शाबासकी दिली नाही. तीन महिने अजून संपलेले नाहीत, त्यामुळं पुढचं काही सांगता येत नाही.

शनिवार-रविवार ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. सोमवारी मी बाहेर कट्ट्यावर बसलो होतो. प्लास्टर निघायला अजून तीन आठवडे होते आणि आतनं डाव्या हाताची टकटक ऐकू येत होती. थांबत होती, परत सुरू होत होती. मी आपण होऊन आत गेलो नाही. ते धाडस नव्हतं माझ्यात.

थोड्या वेळानं ती दारात आली. “मामा, नवीन कामाची फाइल करायचीय. येताय का?”

मी उठलो.

“पण आता लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं. शेवटच्या अक्षरापर्यंत. मी पडद्याकडं बघत बसणार.”

“वाचतो.”

पहिली ओळ लिहिली, वाचली. दुसरी लिहिली, वाचली. पहिलीतल्या पोरासारखं एकेक अक्षर तोंडानं म्हणत होतो आणि आतनं बायको ऐकत होती. तिसऱ्या ओळीला मी बोट उचलून धरलं.

“हे मला मान्य न्हाई,” मी म्हणालो. “कुणाचा माल हाय ठाऊक नसताना त्याला घरात मोकळं सोडणं मला मान्य न्हाई.”

“बरं. आणखी काही?”

“न्हाई. एवढंच.”

“मग लिहा,” ती म्हणाली, आणि पडद्यावरची नजर हलवली नाही.

मी एफ दाबला, आणि मोठ्यानं म्हणालो, एफ.